मातीचे छत, थोरल्याचा पत्रा

१४ एप्रिल २००९, सकाळी सव्वासहा. माझी मालकीण तेने हिच्या घराच्या अर्धओल्या मातीच्या छतावर आळीतल्या बायकांची अकरा चोपणी एका ठेक्यात पडत होती. त्यांतले सर्वांत झिजलेले चोपणे मी. मित्रांनो, माती ठोकून घट्ट करणारा मी एक जुना लाकडाचा तुकडा आहे.

तेनेच्या नवऱ्याने मला शियाच्या झाडाच्या फांदीतून तासले. नवी नवरी गावात आली की तिच्या खोलीची जमीन आम्हीच चोपायची. तेनेने चोपलेली जमीन ओल धरत नाही, असे लोक म्हणत आणि माझी मूठ आणखी गुळगुळीत होई.

पुढे तिचा थोरला मुलगा नोआगा शेजारच्या आयव्हरी कोस्ट देशात कोकोच्या मळ्यांत कामाला गेला. त्याने आईसाठी पत्रे आणि सिमेंट धाडले. आळीतले ते पहिले पत्र्याचे घर. मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे पडलो. दुसऱ्याच वर्षी नोआगा तिकडेच वारला, आणि छपरावर उरला तो पत्राच तेनेचा मुलगा झाला.

धाकटा लामुसा राजधानीत वास्तुविशारद झाला. गावोगावच्या मातीची स्वस्त, थंड घरे तो बांधी. मात्र त्याची आई उन्हाळाभर कडुनिंबाखाली झोपे. शेजारचा याम्बा त्याला चारचौघांत टोमणा मारी, "लोकांच्या आयांना माती, आणि स्वतःच्या आईला तापलेला तवा?"

एका उन्हाळ्यात तेने भर दुपारी घरातच भोवळ येऊन पडली. लामुसाने पत्रा काढण्याची गोष्ट काढताच तिने त्याच्यापुढचे ताट उचलून नेले. तो वर्षभर त्याविषयी बोलला नाही. नंतर आला तो लोखंडी गज घेऊनच.

"पत्रा काढत नाही, आई. वर उचलतो. खाली मातीचं छत घालू. दोन्हींच्या मधून वारा खेळेल."

तेनेने बोटाने छपरावरचे पत्रे मोजले. "सोळा आहेत. सोळाच राहिले पाहिजेत."

"सोळाच राहतील."

"आणि छत चोपणार कोण? तुझं शहरातलं यंत्र?"

"तू असताना यंत्र कशाला?"

खुराड्यामागे माझ्यावर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. तेनेने तिला शिव्या देत उठवले, मला पुसले, शियाचे तेल चोळले. चौदा एप्रिलच्या त्या सकाळी पत्रे कडुनिंबाला टेकवून ठेवले होते. चोपताना म्हणायच्या गाण्याच्या प्रत्येक कडव्यानंतर तेने खाली वाकून त्यांच्याकडे पाही, मग पुन्हा ठोका देई. दुपारी नोआगाचे पत्रे गजांवर चढले.

पुढच्या एप्रिलमध्ये तेने भर दुपारी घरात घोरत होती. याम्बा निरोप द्यायला म्हणून आत आला आणि भिंतीला टेकून तिथेच झोपला. उठल्यावर त्याने लामुसाला हळूच विचारले, "माझ्या म्हातारीसाठी गज कुठं मिळतील?"

मित्रांनो, नवे घर जरूर बांधा. पण आपल्या पायाखालच्या मातीला हलके लेखू नका, आणि कुणाच्या छपरावर कुणाची आठवण आहे, हे विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका. मी आता दाराशेजारच्या खुंटीवर असतो. पावसाळ्याआधी तेने मला घेऊन वर चढते, छत चोपते आणि पत्रे मोजते.

ते आजही सोळा आहेत.