उभं पानी

मी अक्षताला घरी आनायला गेली होती. जंगल बघायला नाय, धबधबा बघायला तर मुळीच नाय. हे आधीच सांगते, कारन आमच्या दिवाळे गावच्या मासळीबाजारात आता सगळ्या जनी मना चिडवतात, "काय गोजराबाई, मोठी ट्रिप मारून आलीस म्हने!" मारली ट्रिप. पन कशापायी मारली ते त्यांना काय सांगू, कपाळ?

अक्षता माझी एकुलती एक पोर. झाडांचं शिकली, एमेस्सी झाली. मना वाटलं, वाशीच्या एखाद्या कॉलेजात चिकटेल, संध्याकाळी घरी येईल. तर ही गेली कर्नाटकात, जोगच्या धबधब्याच्या अलीकडं, घनदाट रानात. तिथं इको-लॉज हाय म्हने. लोक पैशे भरून येतात नि चिखलात फिरतात. ही त्यांना झाडं दाखवनार नि रानातल्या बियांची रोपं करनार. सहा महिने पारखून मग कायमची ठेवनार होते. ते सहा महिने आता संपत आले होते.

इकडं करावे गावातल्या सौरभचं स्थळ चालून आलं. पोरगा द्रोनागिरीला गोदामात सुपरवायझर, घरची होडी, नाव ठेवायला जागा नाय. त्याच्या आयशीनं निरोप धाडला, गनपती उरकले, आता पोरीला आना नि हो का नाय ते सांगा. मी अक्षताच्या बापाला बोलली, "फोनवर ती ऐकनार नाय. मीच जाते नि हाताला धरून आनते."

पोरीला आवडतात म्हनून सुके बोंबील नि जवळा पिशवीत घेतला. पनवेलला गाडीत बसली, सकाळी होन्नावरला उतरली तर अक्षता जीप घेऊन उभी. रापलेली, पायात गुडघ्यापर्यंत मोजे.

"हे काय गं ध्यान?" मी बोलली.

"जळवा लागतात, आये. तुझ्यासाठी पन आनलेत मोजे."

घाट चढेस्तोवर माझं तोंड चालूच होतं. हा काय रस्ता, इथं एक दुकान नाय, दुखलं-खुपलं तर डॉक्टर कुठला. मधेच तिनं जीप थांबवली, मना खाली उतरवलं नि बोलली, "वर बघ." वर आभाळच नव्हतं. नुसती पानं, पानांवर पानं. एका झाडाचं खोड एवढं मोठं, की होडीवरची सगळी मानसं हातात हात धरून उभी राहिली तरी वेढा पुरा होनार नाय. तेवढ्यात वरून एक भला मोठा पक्षी गेला. तो दिसायच्या आधी त्याच्या पंखांचा आवाज खाली आला, कुकरची वाफ सुटावी तसा.

"धनेश," अक्षता हळूच बोलली. मी पुढच्या वळनापर्यंत गप बसली.

लॉजचा मालक अभय, बेळगावकडचा, मराठी बोलनारा. मानूस अदबीचा पन कडक. आल्या आल्या मना बोलला, "मावशी, खाण्याचं काही बाहेर ठेवू नका. जनावराला आपल्या अन्नाची चटक लागली की ते रानाचं राहत नाही." माकडाला बिस्कीट दिलं म्हनून एका कामवाल्याला त्यानं घरी पाठवला होता, हे अक्षतानं मागून सांगितलं.

सकाळी पिशवी उघडली तर बोंबील नरम पडलेले. तिकडची हवाच तशी, रात्री वाळत घातलेला रुमाल सकाळी जास्त ओला. आता आमच्याकडं नरम बोंबील कोन कोंडून ठेवत नाय. त्याला वारा दाखवायचा, नायतर अळी पडते. मी लॉजच्या मागच्या ओट्यावर जाऊन बघितलं. एक कावळा नाय, एक मांजर नाय. बोंबील काय, जवळा काय, सुक्या मावऱ्याचे दुश्मन हे दोनच, आमी लहानपनापासून त्यांनाच हाकलत आलो. मग भीती कसली? फडकं अंथरलं, बोंबील नि जवळा पसरला नि गेली लेकीबरोबर धबधबा बघायला. अभयचं बोलनं डोक्यात आलंच नाय.

स्थळाचं धबधब्यापाशी काढायचं ठरवलं होतं. पोर खुशीत असेल, ऐकेल.

तिथं पोचलो तर समोर नुसतं पांढरं धुकं. आवाज मात्र असा, की पायाखालचा दगड थरथरत होता. मी बोलली, "अगं, दिसत तर काय नाय." तिनं माझा हात धरला. "थांब जरा." वारा आला, धुकं फाटलं नि पानी दिसलं.

आता मी जन्माची खाडीची बाई. आमचं पानी आडवं. भरतीला येतं, ओहोटीला जातं, चिखलात निजतं. उभं पानी मी जन्मात बघितलं नव्हतं. डोंगरच्या डोंगर पानी आभाळातून सुटत होतं, चार ठिकानांवरून, नि खाली पोचायच्या आत त्याचा धूर होत होता. तळ दिसतच नव्हता. किती बघितलं तरी ते संपेना. माझे हात आपोआप जोडले गेले. मना रडू आलं, कशाचं ते मनाच कळेना. बाजूला बघितलं तर अक्षता. केस भिजलेले, तोंड वर केलेलं, डोळे असे की माझ्या पोटची ही पोर मी पहिल्यांदा बघत होती.

स्थळाचं बोलायचं राहूनच गेलं.

परत आलो तेव्हा दिवस कलला होता. मागचा ओटा उकरलेला, फडकं चिखलात. मावऱ्याच्या वासानं रानडुकरं आली होती. मावरं खाऊन ती तिथंच थांबली नाय. ओट्याला लागूनच अक्षतानं बियांपासून वाढवलेली रोपं होती, ती सगळी नांगरून टाकलेली. अभय मधोमध उभा होता.

"मासे कोणी ठेवले इथं?"

अक्षतानं माझ्याकडं एकदाच बघितलं. "मी, सर. आईनं आणले होते. मी वाळत घातले."

"तू? सगळं माहीत असून?" तो आवाज न चढवता बोलला, त्यानं जास्त लागलं. "मग उद्या आईबरोबर घरी जा, अक्षता. मी दुसरं कोणीतरी बघतो."

एकवीरा आईनं ताटात वाढून दिलं होतं. मना फक्त गप बसायचं होतं. उद्या पोर माझ्या बाजूला गाडीत, परवा सौरभच्या आयशीला होकार.

अक्षता खाली बसली नि तुटलेली रोपं उचलायला लागली. एकेकाचं मूळ बघायची, जितं असेल ते बाजूला ठेवायची. मी अभयच्या समोर जाऊन उभी राहिली.

"खोटं बोलते ती," मी बोलली. "मी ठेवलेत बोंबील. तिला ठाऊक पन नव्हतं."

"मावशी, तुम्ही तिला वाचवायला म्हणताय."

"वाचवायला?" माझं डोकंच फिरलं. "अरे बाबा, मी तिला न्यायला आलेय. तिकडं स्थळ बघून ठेवलंय. मी तोंड मिटून बसली असती तर माझं काम फुकटात झालं असतं. मना काय पिसाळलेलं कुत्रं चावलंय खोटं बोलायला?"

अक्षताचे हात थांबले. "न्यायला आलीस?"

मी तिच्याकडं बघितलं नाय. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

अभयनं विचारलं, "मग सांगितलंत कशाला?"

"आज ते पानी बघितलं म्हनून," मी बोलली. "नि त्या पान्यापाशी ही कशी उभी होती ते बघितलं म्हनून. घरात मी तिला तशी कधी बघितली नाय. हाकलायचं तर मना हाकल. तिला ठेव."

अभयनं बाह्या वर केल्या, अक्षताच्या समोर बसला नि एक रोप उचललं. "उजेड आहे तोवर वाचतील तेवढी लावून घेऊ," तो तिला बोलला. "बाकीच्या बिया उद्यापासून गोळा कर." मी पदर खोचला नि माती भरायला बसली. अक्षता मधेच सरकून माझ्या खांद्याला टेकली, चिखलाच्या हातांनी, नि तशीच काम करत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं मना होन्नावरला सोडलं. तिची जीप वळली नि फोन वाजला. सौरभची आयस.

"आनली का पोरगी?"

"नाय."

"मग कधी येनार?"

"ती नाय येनार. मीच तिला तिथं ठेवून आली. सौरभसाठी तुमी दुसरी बघा."

फोन ठेवला नि फलाटावरच्या बाकड्यावर बसून रडली. पदर तोंडात कोंबून नाय, चांगली मोठ्यानं. बाजूची एक बाई पाठीवर हात फिरवत कानडीत काय काय विचारत होती. मना तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. तरी मी तिला सांगितलं, "मना माझी पोर घरी पायजे होती गं."