पुढच्या रांगेत आपली माणसं

मुळशी तालुक्यातल्या ज्या गावात हे घडलं, त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पौडच्या पुढच्या कुठल्याही गावाने ते आपलंच समजावं, म्हणजे रुसायला कुणालाच जागा राहणार नाही.

सकाळची धार काढून झाली की रंभाबाई परसातली जास्वंद खुडायची आणि तडक खालच्या वावरात जायची. ते वावर तिच्या नवऱ्याने, भिवाजीने, एका मोठ्या सिनेमा कंपनीला भाड्याने दिलं होतं. मागच्या वर्षी जिथे भात उभा होता तिथे आता देऊळ उभं होतं, शिखर आणि दीपमाळेसकट. दगड म्हणजे प्लायवूडवर थापलेलं प्लॅस्टर आणि गाभाऱ्यातली देवी फायबरची. रंगारी तिच्या मुकुटावर ओले टॉवेल वाळत घालत, तोवर ती नुसती बाहुली होती. रंभाबाईला ते बघवेना. एके सकाळी तिने टॉवेल बाजूला केला, देवीला हळदकुंकू लावलं आणि फूल वाहिलं. मग शेजारणीने उदबत्ती लावली, आणि आठवडाभरात नारळ फुटायला लागले. भोळ्या भावाने केलेल्या गोष्टीला मी नावं ठेवणार नाही. पण आपल्याकडे देव कधी एकटा येत नाही. त्याच्यापुढे कुणी कुठवर यायचं, हेही लगेच ठरायला लागतं.

कंपनीचा व्यवस्थापक निरंजन पुण्याचा. रोज सकाळी भिवाजीच्या ओसरीवर चहाला येई. भिवाजीला एकच कोडं पडलं होतं.

"साहेब, लाकूड आन् चुनाच तर लागतो. येवढा पैसा जातो कुटं?"

"काका, वस्तूंना लागतो त्याहून जास्त माणसं थांबण्यात जातो," निरंजन म्हणाला. "नुसता एक दिवा बिघडला तरी पाचशे माणसं बसून राहतात. त्यांचं जेवण, गाड्या, घोडे, जनरेटर, मोठ्या नटांच्या तारखा, यातलं काहीच थांबत नाही. आणि काल कॅमेऱ्यात जे दिसलं ते आज तसंच्या तसं दिसायला लागतं. एक बांगडी बदलली तरी कालचं काम पाण्यात."

भिवाजीने मान हलवली. पोरखेळ आहे, असं त्याच्या मनात आलं, पण भाडं चांगलं होतं.

प्रसंग होता राणी लढाई जिंकून देवीच्या दर्शनाला येते त्याचा. गावातल्या बायकांना नऊवारी नेसवून गर्दीत उभं केलं होतं. भिवाजीच्या सुनेला, उज्वलाला, फार जावंसं वाटत होतं; पण चांगल्या घरच्या सुना सिनेमात उभ्या राहत नाहीत, असं सासऱ्याने बजावलं होतं. दिग्दर्शकाची नजर फिरत फिरत गौतमीवर थांबली. गौतमी बौद्धवस्तीतली, अंगणवाडीत मदतनीस. उज्वलाची धाकटी लेक तिच्याच हातची खिचडी खायची. उंच, ताठ मानेची, मोठ्या डोळ्यांची बाई. दिग्दर्शकाने तिला पुढच्या रांगेत, राणीच्या शेजारी, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं केलं. दिवसभर तिचा चेहरा कॅमेऱ्यात राहिला. दिवस मावळताना ती घरी गेली तेव्हा वस्तीतल्या बायका तिची दृष्ट काढत होत्या.

दुसऱ्या दिवशी भिवाजी चार माणसं घेऊन निरंजनपुढे येऊन उभा राहिला.

"साहेब, पुढं आपली माणसं असू द्या."

एवढंच. जातीचं नाव कुणी काढलं नाही. आताशा कुणी काढत नाही. 'आपली' म्हटलं की भागतं.

निरंजनला लगेच समजलं, पण त्याने न समजल्यासारखं केलं. "काका, काल ती दिसलीय. आज काढली तर कालचं सगळं परत करावं लागेल."

"मग आजचंबी व्हायचं न्हाई. वावर आमचं हाय."

निरंजन वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त वेळ नव्हता. राणी दागिने घालून छत्रीखाली बसली होती, घोडे टापा आपटत होते, एकेक मिनिट पैसा खात होतं. त्याने स्वस्तातली वाट काढली. आजचं दृश्य मागून घ्यायचं होतं, बायकांच्या फक्त पाठी दिसणार. त्याच साडीत दुसरी बाई उभी केली तर कुणाला कळणार?

भिवाजीने घरी निरोप धाडला. चांगल्या घरच्या सुनेला आता सिनेमात उभं राहायची परवानगी मिळाली.

उज्वला कपड्यांच्या तंबूत शिरली तेव्हा गौतमी नुकतीच सोडलेली साडी घडी घालत होती. उज्वलाचं माहेर नेरे गावचं, ती शिकलेली. तिला बाहेरच सगळं कळलं होतं.

"तुला काय म्हनले गं?" तिने हळूच विचारलं.

"आज काम न्हाई म्हनले. उद्या हाय का, मी इचारलं. तर साहेब खाली बघत बसले." गौतमीने साडी पुढे केली. "निऱ्या वर खोच. तू बुटकी हायेस, पायात यील."

साडीला अजून गौतमीच्या अंगाची ऊब होती. ती सुनेच्या अंगाला लागल्याने भिवाजीचं काही बिघडणार नव्हतं. बाटणार होती ती फक्त फायबरची देवी. उज्वलाला फार लाज वाटली. तरी ती साडी नेसली. आपण बहुतेकजण नेसतोच.

शिंग वाजलं. बायकांनी कॅमेऱ्याकडे पाठ करून हात जोडले. उज्वला वळली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. नवखी बाई, चुकली असेल. पुन्हा शिंग वाजलं. ती पुन्हा वळली.

"उज्वला, पाठ कर तिकडं," भिवाजी ओरडला.

सासऱ्यापुढे तिच्या डोक्यावरचा पदर आजवर ढळला नव्हता. "मामा, माझ्याच्यानं न्हाई व्हत," ती म्हणाली. "काल हितं गौतमी हुती. तिची जागा हाय ही. मी पाठ केली की झालं, म्हंजी ती कवा नव्हतीच."

भिवाजी पुढे आला तशी रंभाबाई बघायला आलेल्या बायकांतून बाहेर पडली आणि सुनेच्या शेजारी उभी राहिली. "अवो," ती नवऱ्याला म्हणाली, "मी ह्या बाहुलीला देव केलं न्हवतं, तवर समदी हितं फिरत हुती."

निरंजनच्या डोक्यात हिशेब उलटला. या दोघींची समजूत घालत बसण्यापेक्षा आता गौतमीच स्वस्त पडत होती. "काका, तिला बोलवा. तुम्हीच जा," तो म्हणाला. "नाहीतर आम्हाला सेट दुसरीकडे हलवावा लागेल."

भिवाजी कंपनीच्या जीपमधून वस्तीत गेला. मतं मागायला सोडलं तर त्या गल्लीत तो कधी आला नव्हता. गौतमी दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने बसायला खुर्ची दिली. तो उभाच राहिला.

"चल पोरी, बोलावलंय."

"कुनी?"

"कंपनीनं."

"सकाळी मी चालत न्हवते, आबा. आता परवडते म्हनून चालते व्हय?"

भिवाजी घाम पुसत राहिला. गौतमीने सूप खाली ठेवलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना.

"मला उभं ऱ्हायचं हाय, आबा. लई आवडलं हुतं मला. तुमी येवढंच म्हना, गौतमी, पुढं आपली माणसं पायजेत, चल. मी आत्ता येते."

शेजारच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. भिवाजीने तोंड उघडलं. सकाळी चार माणसांत जो शब्द त्याच्या तोंडून सहज निघाला होता तो आता काही केल्या निघेना. त्याचे ओठ नुसते हलले. मग तो वळला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

कंपनीने सेट हलवला नाही, तेही परवडलं नसतं. आदल्या दिवशीचं सगळं काम गौतमीशिवाय नव्याने केलं. उज्वला त्यात नाही, रंभाबाईही नाही. उद्या सिनेमा लागेल, त्याच्या खर्चाचा आकडा पेपरात छापून येईल आणि एवढे पैसे गेले कुठे, असं लोक कौतुकाने विचारतील. त्यातला एका अख्ख्या दिवसाचा खर्च आमचा आहे. एक शब्द म्हणायचा होता, तो आम्हाला परवडला नाही.