पुसलेला नंबर

परभणीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत धम्मानंद सरांचं पुनर्विवाह केंद्र आहे. विधवा, टाकून दिलेल्या बायांचं पुन्हा घर मांडून द्यायचं, हे सरांनी निवृत्तीनंतर अंगावर घेतलेलं काम. आपल्याकडे बायको गेलेल्या माणसाला महिना उलटायच्या आत स्थळं सांगून येतात, आणि नवरा गेलेल्या बाईनं जरा बरं लुगडं नेसलं तरी गल्लीला पोटशूळ उठतो. हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. त्यामुळे केंद्राकडे बाया यायच्या त्या तोंडावर पदर घेऊन, मागच्या दारानं.

त्या लाजेवर सरांच्या पुतण्यानं, सुगतनं, उपाय काढला. केंद्राची वेबसाइट केली. घरबसल्या बघा, घरबसल्या नोंदणी करा. पुण्यातली नोकरी सोडून आलेला पोरगा, हातात कसब होतं. वेबसाइट देखणी झाली. बघायला माणसंही येऊ लागली. पण नोंदणी कोणी करेना.

"काका, बाया येतात, बघतात, अन् निघून जातात," सुगत वैतागून म्हणाला. "नेमकं अडतंय कुठं ते बघाय लागंल."

मग त्यानं वेबसाइटला माग काढणारी एक सोय जोडली. येणारी प्रत्येक व्यक्ती काय बघते, कुठं थांबते, काय लिहिते, सगळं टिपलं जायचं. लिहून पुसलेलंसुद्धा! येणाऱ्याला मात्र याचा पत्ता नाही. सरांनाही त्यानं नीट सांगितलं नाही. "थोडा हिशेब ठेवायलोय" एवढंच म्हणाला. आणि रोज सकाळी चहाचा कप घेऊन तो ही रेकॉर्डिंगं बघत बसायचा. दुसऱ्याच्या खिडकीला डोळा लावला तर आपण त्याला चोप देतो. इथं त्याच कामाला अभ्यास म्हणायची सोय आहे.

एका सकाळी त्याला परभणीजवळच्या झरी गावची एक बाई दिसली. तिनं नाव लिहिलं, सविता. गाव लिहिलं, वय लिहिलं. एक मुलगी आहे, असं लिहिलं. मोबाइल नंबर लिहिला. मग थांबली. मग एकेक करत सगळं पुसलं आणि गेली.

सुगतला वाटलं, रेंज गेली असेल, नाहीतर लाजली असेल बिचारी. आपण होऊन हात दिला तर एका बाईचं भलं होईल. मनात पाप नव्हतं, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. त्यानं तो नंबर लावला.

फोन एका पुरुषानं उचलला.

"सविताताई आहेत का? पुनर्विवाह केंद्रातून बोलतोय. त्यांची नोंदणी अर्धवट राहिलीय."

"कशाची नोंदणी?"

"लग्नाची, दादा. तुम्ही भाऊ का त्यांचे? लाजायचं काम न्हाई, लय चांगलं पाऊल उचललंय ताईंनी."

पलीकडून फोन कट झाला. माणूस कामात असेल, असं समजून सुगत पुढच्या रेकॉर्डिंगकडे वळला.

त्याच आठवड्यात सविता केंद्रात आली. पदर डोक्यावर नव्हता, मागच्या दारानंही आली नाही. ओठाच्या कडेला काळंनिळं झालेलं. सर खुर्चीतून उठले, पाणी दिलं. तिनं ते घेतलं नाही.

"फोन कोन केला व्हता?" तिनं विचारलं.

"मी," सुगत म्हणाला.

"माज्या दिराला कामून केलात?"

"ताई, तुमीच तो नंबर टाकला होता."

"टाकला व्हता, अन् पुसला व्हता!" सविताचा आवाज चढला. "रेशन असू द्या, लेकीची शाळा असू द्या, दवाखाना असू द्या, आमच्या घरात बाईमानसाच्या नावापुढं गड्याचाच नंबर टाकत्यात. हाताला सवयच पडली. टाकून बसले, मग ध्यानात आलं, अन् अंगावर काटा आला. समदं पुसलं. मला वाटलं, वाचले." ती पुढं म्हणाली, "दिरानं मारलं त्याचं काई न्हाई वो. मला भाहीर काढलं अन् लेक ठिवून घेतली. म्हनला, तुला नवरा करायचाय ना, जा, कर. आमच्या गेलेल्या भावाची पोर भेटनार न्हाई. पाच वर्साची हाय ती. माज्याबिगर जेवत न्हाई."

आपण काय करून बसलो ते सुगतला कळलं. तरी शिकलेला माणूस सहजी चूक कबूल करत नाही. तो म्हणाला, "काका, हे समदेच करतात. मोठमोठ्या साइटा करतात. लोकांच्या भल्यासाठीच बघायलो होतो मी."

धम्मानंद सर कधी चिडत नसत. त्या दिवशी चिडले.

"भल्यासाठी? कुणाला विचारून? अरे, इतकी वर्षं हे काम करतोय, पण बाईनं स्वतः निरोप धाडल्याशिवाय तिच्या गावाच्या वेशीत पाय ठेवला नाही मी. आपला नुसता चेहरा दिसला तरी तिच्या घरात आग लागते, एवढी अक्कल मला होती. आणि तू तर सरळ घरात शिरलास. तिनं पुसलं, म्हणजे तिनं नाही म्हटलं. ओठावर आलेला शब्द माणूस गिळतो, तो गिळायचा त्याचा हक्क असतो. तू तिच्या घशात हात घालून तो बाहेर काढलास, आणि नेऊन दिलास कुणाला? तर ज्याच्यापासून ती लपवत होती त्याला!"

"माझा हेतू..." सुगत पुटपुटला.

"हेतू तुझ्यापाशी राहिला. मार तिनं खाल्ला."

सुगतनं मान खाली घातली. त्याला रडू आलं, आणि या बाईसमोर रडायचाही आपल्याला अधिकार नाही, हेही कळलं.

सविता म्हणाली, "माजं काय काय हाय तुमच्यापाशी, दावा."

त्यानं कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. तिनं बघितलं. तिचं नाव, तिचं वय, 'एक मुलगी आहे' हे शब्द आले आणि एकेक अक्षर करत गेले. तिनं डोळे पुसले नाहीत.

"पुसा हे."

सुगतनं तिचं पुसलं, सगळ्यांचं पुसलं, माग काढणारी ती सोय मुळासकट काढून टाकली.

"आता तरी खरंच पुसलं का?" तिनं विचारलं.

तो हो म्हणाला. तिचा विश्वास बसला नाही. का बसावा?

दुसऱ्या दिवशी सर, सुगत आणि सविताला आसरा दिलेला तिचा भाऊ तिला घेऊन झरीला गेले. सुगतनं दिराच्या पाया पडून सांगितलं की चूक माझी, बाईनं नोंदणी केलीच नव्हती. दिरानं ऐकून घेतलं नाही. गावातल्या जाणत्या माणसांची बैठक बसली. शेवटी निवाडा झाला तो असा : सवितानं चार माणसांत शब्द द्यावा की जन्मात पुन्हा लग्नाचं नाव काढणार नाही. मग घरात यावं, लेकीला सांभाळावं.

"असा शब्द देऊ नकोस, बाई," सर कळवळून म्हणाले. "कायद्यानं पोर तुझीच आहे. आपण कोर्टात जाऊ. मी आहे."

"सर, कायदा परभनीत हाय," सविता म्हणाली. "माजी लेक त्या दारामागं रडायलीय."

आणि तिनं शब्द दिला. अवघ्या सव्वीस वर्षांच्या बाईनं! दार उघडलं, पोर धावत येऊन आईच्या पोटाला बिलगली. बैठकीतल्या माणसांना वाटलं, बरं मिटलं.

परतीच्या जीपमध्ये सुगत एवढंच म्हणाला, "काका, बायांची लग्नं लावायला साइट काढली, अन् पहिलं काम काय केलं तर एकीच्या लग्नाची वाट कायमची बंद केली."

आज केंद्राची वेबसाइट चालू आहे. कोण आलं, कोण गेलं, सुगत बघत नाही. ज्यांनी स्वतःहून कळवलं, त्यांनाच फोन जातो, तोही 'कोणत्या वेळी, कोणत्या नंबरावर करू' असं विचारून. नोंदणी अजून थोडीच होते.

वाचकहो, तुमचं दुकान असेल, शाळा असेल, संस्था असेल. दारात आलेल्या माणसाचा माग काढायची साधनं आता सहज हाताशी आली आहेत. ती वापरण्याआधी त्या माणसाला विचारा. तो नाही म्हणाला, किंवा काहीच न बोलता परत फिरला, तर त्याला जाऊ द्या. तुमच्या चांगल्या हेतूची किंमत तुम्हाला द्यावी लागत नाही. झरीत एक बाई ती अजून देते आहे.