डाव्या हाताचं फूल

माझे थोरले दीर संपतभाऊ सीमेवर शहीद झाले. काल चौकात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण होतं. त्याआधी दोन दिवस सासूबाई मोकळ्या वेळी डाव्या हातानं फुलं उचलून टोपलीत टाकत बसायच्या. निम्मी खाली पडायची.

"आई, उजवा हात दुखतोय का?"

"न्हाई गं. सवय करतीय."

कशाची, ते काही सांगेनात. मला मात्र चैन पडेना.

कार्यक्रमात सरपंचांनी फूल पुढं केलं. सासूबाईंनी ते डाव्या हातात घेतलं, तशी मंडपात कुजबुज सुरू झाली.

"आक्का, उजव्या हातानं. लोकं बघत्यात," सरपंच हळूच म्हणाले.

पुतळ्याच्या उजव्या हातात बंदूक होती. तिच्याकडं बघत त्या म्हणाल्या, "माझं पोरगं डावरं हुतं. जेवताना त्या हातावर मी लई उलथनं हाणलं. आज तरी त्याच्या हातानं वाहू द्या."

फूल पुतळ्याच्या पायाशी पडलं.

घरी आल्यावर माझ्या दीड वर्षाच्या दिशानं डाव्या हातानं लाडू उचलला. रोजच्यासारखा मी तिचा हात धरला. सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. मग मीच तिचा हात सोडला.