खंडोबाला कबूल केलेला खडा

मंगळवारी सकाळी शंभुलिंगचा मुतखडा पडला. हे वाक्य वाचलंच नाही असं समजावं. कारण आदल्या दिवशी तो धाराशिवच्या एआरटी केंद्रात बाकावर बसला होता, तेव्हा त्याच्या पोटात खडा नव्हता, कधीच नव्हता.

होता तो एचआयव्ही. सहा वर्षांपूर्वी रोजच्या गोळीचं कारण घरी सांगायची वेळ आली, तेव्हा तोंडातून मुतखडा निघाला आणि घरात राहिला.

समुपदेशक वनमालाताईंनी रक्ताचा कागद पुढं सरकवला.

"क्रिएटिनिन वाढलंय. किडनीवर ताण आहे. कधीकधी गोळीनंही होतं, म्हणून तर तपासतो. दुसरं काही घेता?"

"चूर्ण."

"कशाचं?"

"मुतखड्याचं."

"तुम्हाला मुतखडा आहे?"

"न्हाय की."

वनमालाताईंनी पेनाला टोपण लावलं.

"अव्वा पाजती," शंभुलिंग म्हणाला. "ग्लास रिकामा होईस्तवर हलत न्हाय."

"डॉक्टरांनी सांगितलंय, चूर्ण आजपासून बंद. गोळी मात्र चुकवायची नाही. महिन्यानं परत तपासू. नसलेल्या खड्यापायी असलेली किडनी घालवू नका."

मंगळवारी त्याची आई नागम्मा चूर्णाचा ग्लास घेऊन दारात उभी होती.

"नको अव्वा. खडा पडला."

"कुठंय?"

"काय?"

"खडा! नवस बोललाय म्या खंडोबाला, पडला की पायाशी आणून ठीवते म्हून. दाव."

शंभुलिंग मोरीत गेला, मागच्या दारानं अंगणात उतरला आणि एक खडा धुऊन घेऊन आला. नागम्मानं चष्मा लावला, खडा उलटापालटा केला आणि अंगणात भिरकावला.

"ही आपलीच खडी हाय. परवाच ट्रॉली वतलीया."

मग तिनं ग्लासातलं चूर्ण बोटानं ढवळलं.

"बरं, पडला म्हन. मग ती गोळीबी बंद का?"

शंभुलिंगनं चपलेतली माती झटकली. चपलेत माती नव्हती.

"न्हाय. ती चालूच."

"किती दिस?"

"कायमची."

नागम्मानं बोट पदराला पुसलं. मग ग्लास पपईच्या बुंध्याशी रिकामा केला.

"गोळी चुकवू नगंस," ती म्हणाली. "पर देवाला खडा लागतो रं."

दुपारी शंभुलिंगनं वहीचं पान फाडलं.

'मा. वैद्यकीय अधिकारी, एआरटी केंद्र, यांस सविनय अर्ज. आदेशानुसार अर्जदाराचे चूर्ण बंद झाले आहे. तरी खंडोबास वाहण्याकरिता मध्यम आकाराचा एक (१) मुतखडा केंद्राच्या साठ्यातून मंजूर व्हावा, ही नम्र विनंती.'