तक्रार नाही

खाणीचं छत पाठीवर कोसळल्यापासून माझ्या नवऱ्याच्या, डेल्मरच्या पायात बूट मीच घालते. तरी सरकारनं त्याचा अपंगत्वाचा भत्ता नाकारला, म्हणून आम्ही कोर्टात अपील केलं.

सरकारी वकील म्हणाला, "दर तपासणीला डॉक्टरांनी 'कसे आहात' विचारलंय आणि दर वेळी यांचं उत्तर एकच. ठीक आहे, तक्रार नाही."

मला काही उमजेना. केंटकीतल्या आमच्या डोंगरात कुणी 'कसे आहात' विचारलं तर दुसरं काय म्हणायचं असतं? मरायला टेकलेला माणूसही इथं ठीकच असतो. चांगलं वळण हा माणसाविरुद्धचा पुरावा कधीपासून व्हायला लागला?

निकाल नंतर लागणार होता. बाहेर येताना आमच्या वकीलबाई डेल्मरला म्हणाल्या, "यापुढे ठीक आहे म्हणायचं नाही."

"मग काय, भेटेल त्याच्यापुढे रडगाणं गाऊ?"

"खरं सांगा, एवढंच."

दारावरच्या शिपायानं सवयीनं विचारलं, "काय दादा, कसं काय?"

डेल्मर काठीवर रेलून थांबला. त्यानं आधी वकीलबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ओलीटा," तो हळूच म्हणाला, "याला काय सांगू गं?"