माझं शून्य सरकलं

माझ्या पाठीवरचे आकडे आता झिजून पुसट झाले आहेत, मित्रांनो, तरी ओळख करून देतो. मी कारखान्यात वापरून जुना झालेला एक व्हर्निअर आहे. पोलादाची वीतभर पट्टी, तिला दोन जबडे आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारी एक छोटी पट्टी, एवढाच माझा संसार. जबड्यांत वस्तू धरली की ती किती जाड आहे ते मी सांगतो, तेही एका मिलिमीटरचे पन्नास भाग करून. सरकणं हेच माझं काम, त्यामुळे स्वस्थ बसणं मला जमत नाही.

मला भट्टीत तापवलं, तेलात बुडवलं, घासूनघासून गुळगुळीत केलं. मग एका गार खोलीत चष्मेवाल्या बाईंनी माझे जबडे मिटून दिव्यासमोर धरले. फटीतून उजेडाची रेघसुद्धा आली नाही. ‘पास,’ त्या म्हणाल्या. माझं ते पहिलं कौतुक.

पुढची एकतीस वर्षं मी एका टर्नरच्या खिशात काढली. टर्नर म्हणजे लेथ नावाच्या यंत्रावर लोखंड फिरवून त्याला हवा तो गोल आकार देणारा कारागीर. नंतर कारखान्यात माझे बॅटरीवाले भाऊबंद आले. ते आकडा थेट दाखवत. माझी रवानगी खणात झाली. दोन वर्षं अंधारात जबडे आवळून पडून राहणं काय असतं, ते कुणाला सांगू?

टर्नर निवृत्त झाला आणि मला घेऊन एका केंद्रात शिकवायला जाऊ लागला. बंद पडलेल्या टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर ते केंद्र होतं. काम न मिळालेली तरुण मुलं तिथे दोन महिने शिकत. मग यादी सांभाळणाऱ्या ताई कारखान्यांना फोन करकरून त्यांना आठवड्याभराच्या चाचणीला पाठवत. चाचणीत टिकलेल्याला दोन वर्षांची उमेदवारी, म्हणजे शिकाऊ नोकरी, मिळे. टर्नरला तिथे सगळे मास्तर म्हणत. मुलं चौदा आणि आम्ही व्हर्निअर तीन.

मी वाट्याला आलो भिंगरीच्या. हे नाव तिला घरच्यांनी ठेवलेलं. तिचा पाय एका जागी ठरत नसे. दुकानातलं काम सुटलं, गोदामातलंही सुटलं. आई म्हणे, ‘घरात घातल्यास तेवढ्या येरझारा रस्त्यावर घातल्या असत्यास, तर पुढचं गाव आलं असतं.’ मास्तर शिकवत असताना ती माझे जबडे उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची. मला ते आवडायचं. दोघांनाही चैन नव्हती.

आणि त्याच खेळात एकदा मी सिमेंटच्या फरशीवर आपटलो.

‘मास्तर, पडला.’

‘कोण पडलं?’

‘हा. माझ्या हातून.’

मास्तरांनी माझे जबडे मिटले. शून्याला शून्य जुळायला हवं होतं, पण धक्क्याने माझी छोटी पट्टी किंचित सरकली होती. काही न धरताही मी एक दशांश मिलिमीटर दाखवत होतो. तिचे स्क्रू इतके झिजलेले, की ती परत जागेवर बसेना.

‘टाकून द्यायचा का?’ भिंगरीने विचारलं.

‘तुला दोन ठिकाणांहून परत पाठवलं. टाकून दिलं का आम्ही तुला? किती चुकतो ते कळलं ना? मग दरवेळी तेवढं वजा करायचं. आणि पाडलास तू, तेव्हा सांभाळायचास तूच.’

ती वजा करत गेली. महिन्याभरात तिला विचारही करावा लागेना. वजाबाकी तिच्या बोटांतच भिनली.

मग ताईंनी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात चाचणी मिळवली. ‘हे बघ, पुढच्या बुधवारी तुला चोवीस पूर्ण होतात. मग आपल्या यादीत तुला ठेवता येत नाही.’

‘वाढदिवस पुढे ढकलता येत नाही का हो ताई?’

‘येत असता तर मी माझा वीस वर्षांपूर्वीच ढकलला असता. जा, नीट कर.’

सोबत म्हणून तिने मला अॅप्रनच्या खिशात घेतलं. आठवडा बरा गेला. शेवटच्या दिवशी तिथल्या फोरमनसाहेबांनी तिला कोराकरकरीत व्हर्निअर दिला आणि वीस पिना, म्हणजे लोखंडी दांड्याचे गोल तुकडे, करायला सांगितल्या, प्रत्येकीचा व्यास बरोबर पंचवीस मिलिमीटर. तिच्या उमेदवारीच्या फॉर्मवर सही ते चार वाजता करणार होते. पिना मात्र तपासल्या जाणार होत्या सोमवारी.

दुपारपर्यंत वीसही पिना पेटीत होत्या. डबा खाताना तिचे हात पुन्हा चुळबुळू लागले. एका हातात मी, दुसऱ्यात तो नवा. दोघांचे जबडे तिने मिटले आणि तिची नजर खिळली. माझ्यावर एक दशांश, त्याच्यावर स्वच्छ शून्य.

माझी चूक तिने सवयीने त्या नव्याच्या आकड्यातून वजा केली होती. वीसच्या वीस पिना एक दशांशाने जाड होत्या.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. दारापर्यंत जाऊन परत आली. मला तिने अॅप्रनच्या खिशात टाकलं. गप्प बसली असती, तर चार वाजता सही झाली असती. मी ओरडून काही सांगू शकत नव्हतो, आणि काय सांगावं तेही मला कळत नव्हतं.

ती तरातरा फोरमनसाहेबांच्या टेबलापाशी गेली. ‘साहेब, पिना चुकल्यात. सगळ्या.’

‘कुणी तपासल्या?’

‘कुणी नाही. मीच.’

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘कितीने?’

‘एक दशांश.’

‘जाड की बारीक?’

‘जाड.’

‘मग अजून जीव आहे त्यांच्यात. बारीक झाल्या असत्या तर भंगार होतं. बघतेस काय? चढव परत लेथवर.’

पाच वाजायला आले तेव्हा एकोणीस पिना बरोबर उतरल्या होत्या. एक घाईत जास्त कापली गेली. साहेबांनी ती तिच्या हातावर ठेवली. ‘ही गेली. लक्षात राहू दे.’ मग फॉर्मवर सही केली. ‘सोमवारी आठला यायचं. आणि तो खिशातला म्हातारा या कारखान्यात पुन्हा दिसता कामा नये.’

ती फाटकाबाहेर धावतच निघाली आणि भर रस्त्यात मला ओठांना लावलं. तेल-लोखंडाची चव लागली असणार, कारण लगेच थुंकली. संध्याकाळी तिने मला मास्तरांकडे परत दिलं. सोमवारी ती गेली, मी मागे राहिलो. आनंद झाला आणि करमेनासंही झालं.

मित्रांनो, अवजार हातातून खाली ठेवाल तेव्हा हळू ठेवा. तेलाच्या फडक्याने पुसत जा, महिनोन्महिने खणात कोंडू नका. आणि कुणी आपणहून चूक सांगायला आलं, तर ओरडण्याआधी एवढं विचारा: कितीने, आणि कुठल्या बाजूला? फोरमनसाहेबांनी तेच विचारलं, म्हणून एकोणीस पिना आज कुठल्या ना कुठल्या पंपात फिरताहेत.